चुलीकडे हो, कादी

हावोद लास या मेंढ्यांच्या शेतावर घरात कुत्रं शिरत नसे. हा नियम मेन्नाच्या सासूने घातला होता की तिच्याही सासूने, हे आता सांगायला कुणी उरलं नव्हतं. पण तीस वर्षं मेन्नाने तो पाळला होता. कुत्री गोठ्यात, माणसं घरात, मेंढ्या डोंगरावर. घरात शिरलेलं कुत्रं कामातून जातं, असं त्या खोऱ्यातला कुठलाही मेंढपाळ तुम्हाला सांगेल.

नियम मोडला तो तिच्या नवऱ्याने, आणि तोही खुर्चीत बसल्या बसल्या.

डिसेंबरातल्या एका सकाळी ग्विलिम चार चाकांची डोंगरी मोटारसायकल काढून वरच्या कुरणात निघाला होता. मेन्ना दारात उभी राहून म्हणाली होती, "आज गाडी नेऊ नकोस. वाटेवर बर्फाची नुसती काच झालीय." तो म्हणाला, "वीस मिनिटांत येतो." दोन तासांनी शेजारच्या इद्वलला गाडी ओहोळात उलटी पडलेली सापडली आणि तिच्याखाली ग्विलिम. खुब्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. तीन आठवडे इस्पितळात काढून तो घरी आला तो चालायची चौकट घेऊन, आणि स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीतून खिडकीबाहेरचा डोंगर दिसे. तो दिवसभर डोंगराकडे बघे, आणि मेन्ना दिवसभर डोंगरावर जाई. गवताचे भारे, पेंडीची पोती, पाण्याच्या कुंड्यांवरचा बर्फ फोडणं, सगळं तिच्या अंगावर आलं. सोबतीला म्हातारा कुत्रा मॉट. बारा वर्षांचा, दोन्ही कानांनी ठार बहिरा. त्याला हाक मारण्यापेक्षा स्वतःच मेंढीमागे धावलेलं सोपं पडे.

जानेवारीच्या शेवटी इद्वल आला तो कोटाच्या आत काहीतरी वळवळत घेऊन.

"हे काय?" मेन्नाने विचारलं.

"त्याला विचार. मी फक्त पोचवायला आलो." इद्वलने कोटातून नऊ आठवड्यांचं काळंपांढरं पिल्लू काढलं आणि ग्विलिमच्या मांडीवर ठेवलं. पिल्लाने मान एका बाजूला कलती करून मेन्नाकडे असं काही बघितलं, की जणू घरात नको असलेली पाहुणी हीच.

"मला एकदम तुझी कादी मावशीच आठवली," ग्विलिम म्हणाला. "अगदी अशीच बघायची बघ. हिचं नाव कादी."

"माझ्या मावशीचं नाव कुत्रीला?"

"मावशीला आवडलं असतं."

मावशीला ते मुळीच आवडलं नसतं. पण मेन्नाच्या हातात त्या वेळी पेंडीची बादली होती आणि बाहेर चारशे मेंढ्या ओरडत होत्या. "दोन आठवडे," ती म्हणाली. "थंडी सरेपर्यंत. मग गोठ्यात."

थंडी सरली. कादी गोठ्यात गेली नाही.

मूर्ख कुत्रं असतं तर मेन्नाने ते सहन केलं असतं. कादी हुशार होती, आणि तिची हुशारी सगळी मेन्नाच्या विरोधात चाले. तिसऱ्या आठवड्यात तिला कोठीघराच्या दाराचा दांडा खाली दाबता येऊ लागला. चौथ्या आठवड्यात ती लोण्याचा डबा काढून, झाकण उघडून, लोणी चाटून डबा परत आत ढकलायला शिकली. झाकण मात्र तिला लावता येत नसे, म्हणून सापडली. कादीपाठोपाठ मॉटही घरात येऊ लागला होता, पण चुलीजवळची उबदार चटई त्याला दुपारपुरतीच मिळे. कादी उठून दाराशी जाऊन जीव तोडून भुंकायची. बहिरा असला तरी मॉटला तिची धावपळ दिसे. तो धडपडत बाहेर काय आलंय ते बघायला जाई, आणि तो परत येईतो चटईवर कादी.

"बघितलंस?" ग्विलिम हसून हसून खोकायचा. "बघितलंस काय केलं तिने?"

"बघितलं," मेन्ना म्हणायची. तिच्या बुटांतून फरशीवर चिखल गळत असे.

चॅपलचे पाद्री ग्विलिमच्या समाचाराला आले, त्या दिवशी तर तिला तोंड लपवावंसं वाटलं. कादीला माणसं विखुरलेली आवडत नसत. पाद्रीबुवा खिडकीशी उभे, ग्विलिम खुर्चीत, मेन्ना मोरीपाशी. असं चालणार नव्हतं. ती न भुंकता, पोट जमिनीला लावून पाद्रीबुवांच्या मागे गेली आणि टाचांशी नाक नेऊन त्यांना एक एक पाऊल पुढे सरकवू लागली. बिचारे बोलता बोलता सरकत गेले आणि शेवटी ग्विलिमच्या खुर्चीला चिकटून उभे राहिले. तिथून हलले की कादी समोर.

"फार प्रेमळ आहे," पाद्रीबुवा कसंबसं म्हणाले.

"तुम्ही बसा," मेन्ना म्हणाली, "म्हणजे ती सोडेल."

एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या तशी मेन्नाची झोप गेली. आई मेलेली, आईने टाकलेली कोकरं स्वयंपाकघरात येऊ लागली. चुलीजवळ खोक्यात चार, कधी सहा. खोक्याची कडी काढायला कादीला एक दिवस पुरला. मेन्ना दुधाची बाटली घेऊन वळावी तर टेबलाखाली सहाच्या सहा कोकरं दाटीवाटीने उभी, आणि समोर कादी, डोळे वटारून, एक पंजा उचलून.

मग मेन्नाचं तोंड सुटे. टेबलापाशी उभं राहिलं की चूल तिच्या डाव्या हाताला आणि दार उजव्या हाताला. "चुलीकडे हो," ती ओरडे, "चुलीकडे, माझ्या पायात येऊ नकोस." कादी डावीकडून वळसा घेई. "दाराकडे, दाराकडे हो आता." कादी उजवीकडून जाई. "बस झालं." कादी जागच्या जागी पोट टेकून बसे. "आण इकडे, काय पळवलंयस ते." आणि कादी मोजा नाहीतर टोपी, जे काय तोंडात असेल ते, किंवा कोकरूच, तिच्यापुढे आणून उभं करी.

या शब्दांच्या मागे आणखी एक शेपूट असे. "चुलीकडे हो. सांगितलेलं ऐकायचं नाही. काच झालीय म्हटलं तरी जायचं. आणि मग बसून राहायचं उबेला, जग मरेना का बाहेर." हे ती कादीकडे बघून बोले. मोडक्या खुब्याच्या माणसाला बोलायचं तरी कसं? औषधाच्या गोळ्यांनी त्याचा चेहरा सुजला होता. रात्री कूस बदलताना तो दात आवळून गप्प राही, आणि तिला वाटे आपण झोपलो आहोत असंच दाखवावं. म्हणून सगळं कुत्रीला. ग्विलिम ते ऐके, खिडकीबाहेर बघे.

ऑगस्टमध्ये तो काठीवर चालू लागला आणि त्याने जाहीर केलं की आता कादीचं शिक्षण. त्याच्या बापाची शिट्टी त्याने पेटीतून काढली. घरामागच्या कुरणात दहा समजूतदार मेंढ्या सोडल्या. ग्विलिमने त्या खोऱ्यात निदान पंधरा कुत्री तयार केली होती; लोक त्याच्याकडे आपली कुत्री घेऊन येत.

त्याने शीळ घातली. कादीने मान कलती केली. त्याने पुन्हा शीळ घातली, लांब, मग आखूड. कादीने जांभई दिली. त्याने गोड आवाजात बोलावून पाहिलं, करड्या आवाजात बोलावून पाहिलं, काठीने दिशा दाखवली. कादी उठली, त्याच्या भोवती एक फेरी मारून त्याचा काठीचा हात चाटला आणि घरी निघून गेली.

हे रोज सहा आठवडे चाललं. मेन्ना कपडे वाळत घालता घालता बघे. एक दिवस कुंपणावर रेलून इद्वलही बघत उभा राहिला.

"मी तुला सांगितलं होतं," इद्वल म्हणाला. "घरात वाढलेली. हिला मेंढ्या कशाला हव्यात, हिला आता चहात किती साखर तेवढं विचार."

"तू तुझी कुत्री बघ," ग्विलिम म्हणाला.

"माझी डोंगरावर आहेत."

सप्टेंबर संपताना ग्विलिमने शिट्टी पेटीत ठेवून दिली. इंग्लंडातलं एक कुटुंब पाळायला कुत्रं शोधतंय, असं कुणीतरी सांगितलं होतं. "चांगली माणसं आहेत," तो म्हणाला. "बाग आहे म्हणे मोठी." आवाज असा होता की मेन्नाने वळून बघितलं. कुत्री जाणार म्हणून तो रडवेला झाला असता तर तिला समजलं असतं. पण हा माणूस घाबरलेला दिसत होता, आणि का, ते काही तिच्या ध्यानात येईना.

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. तिने बटाटे सोलायला घेतले आणि तीन बटाटे अर्धवट सोलून पाण्यात टाकले.

त्यानंतर चार दिवसांनी खालच्या कुरणाचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं आणि तीसेक मेंढ्या मेन्नाच्या परसात घुसल्या. वर्षभर डोंगर सांभाळून तिने स्वतःसाठी एवढंच केलं होतं: लीकच्या कांद्यांच्या चार ओळी आणि कोबी. ती ओल्या हातांनी बाहेर धावली. मेंढ्या ओळींवर उभ्या राहून खात होत्या. मॉट ऊन खात झोपला होता. कादी तिच्या मागून आली, आणि मेन्नाला संताप आवरेना.

"आता आलीस? चुलीकडे हो, माझ्या पायात येऊ नकोस."

कादी डावीकडून सुटली. भिंतीच्या कडेने, पोट जमिनीला लावून, मोठा वळसा घेत ती मेंढ्यांच्या पलीकडे गेली. मेन्ना बघत राहिली. दोन मेंढ्या कोबीकडे वळल्या.

"दाराकडे," ती हळूच म्हणाली.

कादी उजवीकडे झाली. दोन्ही मेंढ्या परत कळपात आल्या.

"बस झालं."

कादी बसली. मेंढ्यांनी माना वर केल्या.

"आण इकडे," मेन्ना म्हणाली, आणि तिचा आवाज तिला ओळखू येईना, "आण, काय पळवलंयस ते."

तीस मेंढ्या एका गठ्ठ्यात, एकही पान न तुडवता, परसातून बाहेर आल्या आणि तिच्यापुढे उभ्या राहिल्या. मागून कादी, एक पंजा उचलून.

मेन्नाने खिडकीकडे बघितलं. ग्विलिम काचेला कपाळ टेकून उभा होता.

त्या दिवसानंतर त्याने तिला सुखाने जगू दिलं नाही. आधी त्याने स्वतः ते शब्द म्हणून पाहिले. कादी ऐकेना. मग मेन्नाचा कोट घालून, तिचा रुमाल डोक्याला बांधून पाहिलं. कादीने त्याच्याकडे बघितलं आणि लाजल्यासारखं तोंड फिरवलं.

"पुढच्या शनिवारी डोंगर उतरवायचा आहे, सगळ्यांच्या मेंढ्या खाली आणायच्या," तो रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "तुला जावं लागेल तिला घेऊन."

"मी खाली पंधरा माणसांचं जेवण करते. पंचवीस वर्षं करते."

"जेवण मी करीन."

"तू?"

"सूप तर आहे. मटण, बटाटे, लीक. भांड्यात घालायचं आणि उकळायचं."

"आणि सगळ्या खोऱ्यासमोर मी डोंगरावर उभी राहून चुलीकडे हो म्हणून ओरडू?"

"मग काय झालं? काम होतंय ना?"

"तुला काय जातंय," मेन्ना म्हणाली, आणि उठून भांडी घासायला लागली. पण शनिवारी सकाळी ती बूट चढवून दारात उभी होती. गेलं वर्षभर त्या डोंगरावरचा प्रत्येक दगड तिने ओलांडला होता, आणि मॉटच्या जिवावर तो उतरवता येणार नाही, हे तिला ग्विलिमपेक्षा जास्त ठाऊक होतं.

सहा शेतांची माणसं कड्याच्या रेषेवर पसरली आणि खाली सरकू लागली. मेन्नाच्या एका बाजूला इद्वल, त्याची दोन कुत्री घेऊन. पहिल्या हाकेला इद्वलने मान वळवली. दुसऱ्या हाकेला पलीकडच्या शेतातला माणूस खो खो हसला, आणि त्याच्या हसण्याचा आवाज दरीत फिरून आला. मेन्नाचे कान तापले. ती ग्विलिमला शिव्या घालत चालत राहिली, मनातल्या मनात. कादी मात्र शंभर हात खाली, वाऱ्यासारखी डावीउजवीकडे फिरत होती, आणि थोड्या वेळाने हसणं थांबलं.

काळ्या खडकाखाली बाकी होत्या वीस-बावीस मेंढ्या. एका अरुंद पायरीवर उभ्या, खाली चाळीस फूट कडा आणि कड्याच्या पायथ्याशी दलदल. इद्वलची कुत्री सरळ अंगावर गेली आणि मेंढ्या काठाकडे सरकल्या. एकीचा मागचा पाय निसटला.

इद्वलने कुत्र्यांना परत बोलावलं. "जाऊ दे," तो म्हणाला. "गेल्या वर्षी तीन गेल्या इथे. दोरखंड आणू."

"दाराकडे हो, कादी," मेन्ना म्हणाली.

कादी खडकामागे दिसेनाशी झाली. धुकं वर येत होतं. मेन्ना थांबली. मग पायरीच्या पलीकडच्या टोकाला काळं डोकं दिसलं.

"बस झालं."

डोकं खाली गेलं. मेंढ्या वळून तिच्याकडे बघू लागल्या. आता काय म्हणायचं, ते मेन्नाला कळेना. स्वयंपाकघरात कडा नव्हता. "आण इकडे" म्हणावं तर कादी जोरात येईल, आणि जोरात आली तर सगळ्या जातील. कादी हुकमाची वाट बघत होती आणि मेन्नाकडे शब्दच उरला नव्हता. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती रोजचंच बोलू लागली, रोजच्याच आवाजात, कोकरांना दूध पाजताना बोलायची तसं.

"सांगितलेलं ऐकायचं नाही. गाडी नेऊ नकोस म्हटलं, वाटेवर काच झालीय, तरी जायचं. वीस मिनिटांत येतो. दोन तास मी दारात उभी. दोन तास. मेलास असं समजून मी तिथेच बसले होते पायरीवर, माहीत आहे का तुला? आणि नंतर एका शब्दाने चुकलो म्हणाला नाहीस. कुत्रं आणलंस."

कादी त्या आवाजावर एक एक पाऊल पुढे येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. मेंढ्या तिच्यापुढे सावकाश, एकीमागे एक, पायरीवरून वर चढल्या. शेवटची वर आली तेव्हा मेन्ना बोलायची थांबली.

इद्वल दुसरीकडे बघत पाइप पेटवत होता. त्याची काडी तीनदा विझली. "चांगली कुत्री आहे," तो अखेर म्हणाला, आणि त्यानंतर डोंगर उतरेपर्यंत एकही टोमणा मारला नाही.

सूप करपलं होतं आणि बटाटे कच्चे होते. पंधरा माणसांनी ते मुकाट्याने खाल्लं, आणि चार वाजता सगळे आपापल्या मेंढ्या घेऊन गेले. मेन्ना बाकावर बसून बूट काढू लागली. ग्विलिमला काळ्या खडकाचं सगळं ऐकायचं होतं. कुठून गेली, किती वेळ बसली, तू काय म्हणालीस.

"काय म्हणायचं ते म्हणाले," मेन्ना म्हणाली.

त्याने काठी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय. मी आता डोंगर चढायचा नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही."

"कधी सांगितलं?"

"सप्टेंबरच्या सुरुवातीला."

मेन्नाच्या एका हातात बूट तसाच राहिला. म्हणजे महिनाभर हा माणूस त्या कुरणात शिट्ट्या मारत उभा होता तो यासाठी. आपल्याला आता डोंगर चढता येणार नाही, तर तिच्या सोबतीला एक कुत्री तरी तयार असावी. आणि हे तिला सांगायचं त्याला सुचलं नव्हतं.

ती उठली आणि एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, अशी अंगणात गेली. कादी पाण्याच्या कुंडीपाशी पडली होती. चारही पाय चिखलाने माखलेले, जीभ बाहेर. मेन्नाचा चेहरा बघताच तिने कान मागे पाडले आणि ऐकायच्या तयारीने मान खाली घातली. आठ महिने तिने हेच केलं होतं.

मेन्ना तिच्यापुढे उभी राहिली. तोंड उघडलं, आणि मिटलं. खाली वाकून तिने कादीच्या कानातला एक काटा काढला. मग ती परत आत गेली, खुर्ची ओढून ग्विलिमच्या समोर बसली आणि म्हणाली, "आता मी बोलते आणि तू ऐकायचंस. खिडकीकडे बघायचं नाही."

तिने डिसेंबरपासून सुरुवात केली. ग्विलिमने सुरुवातीला एकदोनदा मध्ये तोंड घातलं आणि सोडून दिलं. पायरीवरच्या दोन तासांपाशी ती आली तेव्हा त्याने काठी खाली ठेवली. ती रडली, मग चिडली, मग लोण्याच्या डब्याचंही बोलली. बाहेर अंधारायला लागलं होतं.

"चुकलो," ग्विलिम म्हणाला. "त्या दिवशीही आणि नंतरही."

"हो."

"झालं तुझं?"

"नाही. पण भूक लागलीय."

भांड्याच्या तळाला करपलेलं सूप उरलं होतं. त्यांनी ते खाल्लं.

त्या हिवाळ्यापासून डोंगर मेन्नाचा झाला आणि चूल ग्विलिमची. दोघांनाही ते नीट जमत नव्हतं. तिला त्याचा चहा कडू लागे. त्याला तिने कुंपण बांधायची पद्धत पटत नसे, आणि तो ते दुर्बीण लावून खिडकीतून बघे. ती वरच्या कुरणात पोचते न पोचते तोच खिशातला फोन वाजे. "ती काळ्या तोंडाची लंगडतेय, बघितलंस का? डावीकडची. अगं, तुझ्या डावीकडची नाही, माझ्या."

"बघितली," मेन्ना म्हणे, फोन बंद करून खिशात टाके आणि कादीला घेऊन पुढे चालू लागे.